चौथ्या कार्डातले सोळा फोटो

"मी फोटो काढले की नाही, एवढंच मला शोधून द्या," फोटोग्राफर म्हणाला.

वहिनींनी शर्टाला बटण लावता लावता मान वर केली. तीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून त्या घरी बसल्या होत्या. पण लोक त्यांना घरी बसू देत नव्हते. शर्ट भाऊजींचा होता. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, टंकलेखकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि वहिनींच्या प्रत्येक कामात वही घेऊन हजर. आत्ता ते बनियनवरच वही उघडून बसले होते.

"काढले की नाही हे तुम्हालाच ठाऊक नाही?" भाऊजींनी विचारलं.

"होतं ठाऊक. परवापर्यंत होतं." फोटोग्राफरने कपाळ चोळलं. तिशीतला मुलगा, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. "लग्न माझ्या दोन्ही मित्रांचं. म्हणजे मुलगाही मित्र, मुलगीही मैत्रीण. कॉलेजात आम्ही तिघं एका बाकावर. तो म्हणत होता, बाहेरचा फोटोग्राफर लावू, तू नुसता ये, मजा कर. मीच अडून बसलो. म्हटलं, तुमच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणी काढले तर मी जन्मात बोलणार नाही. आता तो बोलत नाही."

"काय हरवलंय?"

"घरच्यांचे फोटो. हॉलच्या पायऱ्यांवर काढलेले. नवरानवरी, नवऱ्याचे आईवडील आणि त्याचे थोरले काका. हे काका अकरा वर्षांनी पहिल्यांदा भावाशेजारी उभे राहिले होते. सोळा फोटो काढले, मोजून. लग्नानंतर नवव्या दिवशी वडील गेले. आई रोज विचारते, तो फोटो कधी देतोस रे बाळा."

त्याने खिशातून प्लास्टिकची एक चपटी डबी काढली. आत सहा मेमरी कार्डं होती.

"दिवसाचा एक भाग, एक कार्ड. पहिलं तयारी, दुसरं पाहुणे, तिसरं सह्या, चौथं घरचे, पाचवं जेवण, सहावं निरोप. भाग संपला की कार्ड काढायचं आणि डबीत पालथं घालायचं. पालथं म्हणजे वापरलेलं. ही मास्तरांची शिस्त, रोलच्या जमान्यातली."

"मास्तर कोण?"

"तेच, नवऱ्याचे वडील. चाळीस वर्षं स्टुडिओ होता त्यांचा. कॅमेरा कसा धरायचा ते मी त्यांच्याकडे शिकलो. फोटो पंधरा दिवस बघायचे नाहीत, हेही त्यांनीच शिकवलं. ताज्या डोळ्यांना सगळंच छान वाटतं म्हणायचे. म्हणून मी सोळाव्या दिवशी कार्डं उघडली. चौथं डबीत पालथंच होतं. पण रिकामं."

"पुसले गेले असतील," भाऊजी म्हणाले.

"पुसलेलेही परत मिळतात. एक दुकानदार ते काम करतो, त्याच्याकडे सहाही कार्डं दिली. पाच कार्डांमधून त्याने दोन-दोन वर्षांपूर्वीचे, मी पुसलेले फोटोसुद्धा वर काढून दाखवले. चौथ्यातून काही म्हणता काही नाही. म्हणाला, कार्ड खराब असेल. पण चाचणी केली तर ठणठणीत चालतंय."

वहिनींनी सुई शर्टातच टोचून ठेवली. सहाही कार्डं ओळीने मांडली. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा होता. पाच आकडे झिजून निम्मे उरले होते. चौथा मात्र ठसठशीत, जरा वाकडातिकडा.

"हा नव्याने रंगवलात?"

"रंगवला असेन. आठवत नाही." त्याने ते कार्ड उचलून परत खाली ठेवलं. "मित्र म्हणतो, तू फोटो काढलेच नाहीस, नुसता कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतास. आणि मला आता तेच खरं वाटायला लागलंय. माझ्या डोळ्यांत पाणी होतं हो तेव्हा. बोट दाबलं की नाही, देव जाणे."

"बाकी कुणी मोबाईलवर काढला नाही?"

"मास्तरांनी सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावले. दोन-दोन कॅमेऱ्यांकडे बघितलं की माणसं तिरळी येतात म्हणे. एरवी दिवसभर माझा कॅमेरा आपल्याकडे वळला की ते हात आडवा धरायचे."

"बॅग तुमच्या नजरेआड कधी झाली?"

"फक्त मी जेवत होतो तेव्हा. पंचवीस मिनिटं. पण ती मास्तरांच्या खुर्चीपाशी ठेवली होती. त्यांच्या नाकात प्राणवायूची नळी, शेजारी टाकी. जागचे हलणार नाहीत, म्हणून त्यांनाच राखण सांगितली. त्यांच्याकडे तेवढ्यात आई ताट घेऊन गेली, मैत्रीण औषध घेऊन गेली आणि थोरले काका निरोप घ्यायला गेले. बस."

"म्हणजे तिघं," भाऊजींनी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

*

मित्राचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. फोटोग्राफर खालीच, जिन्यापाशी थांबला. वर यायला तो तयार नव्हता.

मित्र दारातच म्हणाला, "मी त्याला चोर म्हणत नाही हां. त्याला म्हटलं, चुकलं म्हण, विषय संपव. पण हा म्हणतो, कार्ड रिकामं कसं झालं ते माहीत नाही. अहो, असं कसं माहीत नाही? माझ्याकडे बाबांचा शेवटचा फोटो कुठला, तर दवाखान्याच्या फायलीवरचा."

"आणि तुमचा मित्र गेला तर तुम्हाला चालेल?"

तो दाराच्या कडीशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी सगळ्यात आधी फोन मी या फोट्यालाच केला होता. बायकोच्याही आधी." आणि तो आत निघून गेला.

नवरी स्वयंपाकघरात होती. वहिनींना पाणी देताना ती हळूच म्हणाली, "खरं सांगते, आईंनी मला कडेला उभं केलं, एक पायरी खाली. राग आला होता मला. पण बाबांवर नाही. लग्नाआधीच्या आठवड्यात त्यांचं सगळं मीच आणून देत होते. गोळ्या, पायमोजे, गाण्यांच्या डब्याला कार्ड, वाफेचं औषध. ते मला म्हणायचे, सून नाही, धावतं पोस्टखातं आहे."

"पोस्टखातं एक शब्द की दोन?" भाऊजींनी लिहिता लिहिता विचारलं.

"भाऊजी, ते लिहायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

आई बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भिंत चौकटींनी भरलेली होती. नवी जोडपी, तान्ही बाळं, पदवीचे झगे घातलेली मुलं. एकाच्याही चेहऱ्यावर डाग नाही, सुरकुती नाही.

"सगळे देखणे आहेत," वहिनी म्हणाल्या.

"देखणे कसले! केलेत." आईंच्या तोंडावर हसू आलं. "रीटच केल्याशिवाय एक फोटो दुकानाबाहेर जायचा नाही. गिऱ्हाइकाने हट्ट केला तरी नाही. माझ्यासुद्धा गालाचे खड्डे बुजवलेत बघा यांनी. म्हणजे यांनी नव्हे, ब्रशवाल्यांनी. यांच्याकडेच होते ते. आता ते काम कॉम्प्युटरवर करतात, पण नाव ब्रशवालेच राहिलं."

"ते आले होते का समाचाराला?"

"कुठले! त्यांना अजून ठाऊकच नाही. लेकीकडे गेलेत परगावी, मोबाईल वापरत नाहीत, घराला कुलूप. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी येऊन गेले तेवढंच. अर्धा तास दार लावून बसले होते दोघं. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दम पुरत नाही, काय बोलले असतील कोण जाणे."

वहिनींनी मास्तरांची खोली बघायला मागितली. पलंगाशेजारच्या टेबलावर सगळं जिथल्या तिथे होतं. औषधांच्या बाटल्या, पांढऱ्या रंगाची एक बुटकी बाटली, चष्मा, गाण्यांचा डबा. वहिनींनी डबा उलटा केला. मागे कार्डाची खाच होती. त्यांनी तीत नख फिरवलं. नखाला धूळ आली.

"वाजतो का हा?"

"रेडिओ लागतो," आई म्हणाल्या. "गाणी कधी लागलीच नाहीत. मुलाला दाखवू का म्हटलं, तर म्हणाले राहू दे."

जिना उतरताना भाऊजींना राहवलं नाही. "वहिनी, तुम्हाला रेडिओ घ्यायचाय का? दुकान माहितीय मला."

*

थोरल्या काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका डोळ्याला भिंग लावून ते एका घड्याळाच्या पोटात बघत होते. भिंग न काढताच बोलले.

"अकरा वर्षांपूर्वी आमच्या आईच्या आजारपणात एक शब्द तो बोलला, एक मी. त्याचा मला आठवतो, माझा आठवत नाही. असंच असतं ना?"

"फोटो हरवलाय, ऐकलंत?"

"ऐकलं. हरवला तर हरवला. मी लग्नाला गेलो हे माझ्या घरी कुणाला ठाऊक नाही. फोटो निघाला असता तर पंचाईत होती."

भाऊजींनी या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

"जायचं कधी ठरवलंत?"

"ठरवलं कुठे? दुकान उघडायला निघालो आणि तिकडे वळलो. हॉलमध्ये पोचलो तेव्हा दुकानाची किल्ली हातातच."

"मास्तर काही बोलले?"

आता त्यांनी भिंग काढलं. "फोटोला उभं राहण्याआधी हॉलच्या दाराच्या काचेत बघितलं त्याने. म्हणाला, नळी लावून मी हत्ती दिसतोय. म्हटलं, दिसतोस. तर हसला. म्हणाला, दिसू दे, बघतंय कोण! मला काही बोध झाला नाही. अहो, एवढे सगळे बघणारच होते की."

रस्त्यावर येताच भाऊजी म्हणाले, "मला विचाराल तर हेच काका."

"विचारलं नाही, भाऊजी."

"पण कारण आहे, संधी आहे!"

"आहे. आणि उद्या सकाळी तुम्ही एका घराचं कुलूप निघालंय का, ते बघून या. पत्ता मी आईंकडून घेतलाय."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या घरी सगळे जमले. आई, मित्र, नवरी. थोरले काका खुर्चीच्या टोकावर, केव्हाही उठून जाता येईल असे. फोटोग्राफर दाराला टेकून उभा. मित्राने त्याच्याकडे बघितलं नाही.

"मला चोर ठरवायला बोलावलंय काय?" काकांनी विचारलं.

"नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आधी एक सांगते. या मुलाने फोटो काढले. सोळाच्या सोळा."

फोटोग्राफर दारापासून सरळ झाला.

"कशावरून?" मित्राने विचारलं.

"हे चौथं कार्ड त्याचं नाहीच, यावरून. त्याची कार्डं दोन वर्षं वापरात आहेत. पाच कार्डांमधून जुने पुसलेले फोटो निघाले. यातून एकही नाही, आणि कार्ड चालतंय व्यवस्थित. खराब कार्ड असं वागत नाही. नवं कोरं कार्ड असं वागतं. बाकीचे आकडे झिजलेत, हा झिजलेला नाही, कारण तो नुकताच काढलाय. त्याच्या कार्डाच्या जागी कुणीतरी हे ठेवलं."

"काढलेच होते मी," फोटोग्राफर स्वतःशीच पुटपुटला. "काढलेच होते."

"आता बघा. ज्याने हे केलं त्याने त्याच जातीचं कार्ड आधी मिळवलं, त्यावर आकडा रंगवला आणि बरोबर आणलं. म्हणजे बेत आधीचा. काकांनी येण्याचंच त्या सकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. ते यात नाहीत."

भाऊजींनी वहीतल्या दोन रेघांवर हळूच काट मारली.

"फोटो नाहीसेच करायचे असते, तर पुसून टाकायला दोन बटणं पुरतात. नाहीतर कार्ड काढून फेकून द्यायचं. या माणसाने बदली कार्ड ठेवलं, तेही पालथं, नेहमीच्या रीतीने. कशासाठी? डबी बघून कुणाला शंका येऊ नये म्हणून. किती दिवस? पंधरा. कारण पंधरा दिवस कार्डं उघडली जात नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याआधी खरं कार्ड परत डबीत जाणार होतं. फोटो त्याला नको नव्हते. फोटो कुणी इतक्यात बघायला नको होते."

नवरीचा चेहरा उतरला. "कार्ड... तसलं कार्ड मी आणलं होतं. पण गाण्यांच्या डब्यासाठी!"

"हो. आणि त्या डब्याच्या खाचेत धूळ आहे. तिच्यात कधीच काही गेलं नाही. टेबलावर पांढऱ्या रंगाची बाटली आहे. आणि आकडा वाकडा आहे, कारण हात थरथरत होता."

मित्र म्हणाला, "बाबा?"

"पण ते तर जागचे हलत नव्हते!" भाऊजी म्हणाले.

"हलायला कशाला हवं, भाऊजी? बॅग त्यांच्या पायाशीच ठेवली होती. त्या पंचवीस मिनिटांत खुर्चीपाशी आलेल्या तिघांची चौकशी आपण केली. खुर्चीत बसलेल्याची केलीच नाही."

"यांनी चोरी केली म्हणता?" आई उठून उभ्या राहिल्या.

"चोरी नाही, आई. दुकानाचा नियम. रीटच केल्याशिवाय फोटो कुणी बघायचा नाही. नळी लागलीय, गाल बसलेत, हे त्यांना लग्नाच्या कितीतरी आधीपासून दिसत होतं. म्हणून मोबाईल खिशात घालायला लावले. म्हणून काकांना म्हणाले, बघतंय कोण. आणि तिसऱ्या दिवशी दार लावून ब्रशवाल्यांच्या हातात कार्ड दिलं."

"मला सांगायचं ना!" फोटोग्राफर जवळजवळ ओरडला. "मी आणून दिलं असतं!"

"तुम्ही काय म्हणाला असता? राहू द्या मास्तर, छान दिसताय. हे वाक्य त्यांनी स्वतः चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलं. त्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आणि तुमच्यावर आळ येईल हे त्यांच्या मनातही आलं नसणार. पंधरा दिवसांच्या आत सगळं जागच्या जागी जाणार होतं. त्यांना नऊच मिळाले."

काकांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि परत तसाच घडी करून ठेवला.

"कुलूप निघालंय," भाऊजी म्हणाले. "सकाळीच बघून आलो. खिडकीत धुतलेले कपडेही आहेत."

*

ब्रशवाल्यांची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. खिडकीशी कॉम्प्युटर, त्याच्यासमोर भिंग बांधलेला दिवा आणि अजून न उघडलेली प्रवासाची पिशवी. एवढी माणसं बघून ते गांगरले.

"आता मीच निघालो होतो! मास्तर का नाही आला? स्वतः येऊन नेतो म्हणाला होता. जमलं नाही वाटतं चढायला?"

आई पुढे झाल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि दोन शब्द बोलल्या.

ब्रशवाले खाली बसले. त्यांनी खणातून एक पाकीट काढलं, आईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "त्याला आवडतो का, ते बघायचं राहिलं."

आईंनी फोटो बाहेर काढला. पायऱ्यांवर सगळे उभे होते. मधोमध मास्तर, भरल्या गालांचे, ताठ. नाकाखाली काही नाही. शेजारची टाकीही नाही. तिथे पायरीचा दगड इतका सफाईने भरला होता की ओळखू येऊ नये.

आई फोटो जवळ धरून बघत राहिल्या, मग लांब धरून.

"नळी कुठाय?"

"काढली. त्यानेच सांगितलं ना. दोन दिवस लागले नळीला, सावली पडली होती गालावर."

"मला नळीवाला द्या."

ब्रशवाल्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"नळीवाला!" आई मोठ्याने म्हणाल्या. "आठ महिने मी ती नळी रोज धुतली, पुसली, कानामागे नीट बसवली. ती नाही तर हे मला कुणी पाहुणे वाटतायत. ओळख पटत नाही."

"पण ताई, तो रागावेल माझ्यावर. नियम होता त्याचा."

"रागावू दे. तुम्ही त्यांना सांगू नका."

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. गेलेल्या माणसाबद्दल आपण काय बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं, पण दुरुस्त करावं असं कुणाला वाटलं नाही.

ब्रशवाल्यांनी खरं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एकामागून एक सोळा फोटो पडद्यावर आले. मास्तर हसताना, दम लागल्यावर थांबलेले, भावाकडे तिरक्या नजरेने बघताना. नळी सगळ्यांत होती. थोरले काका पडद्याजवळ सरकत सरकत इतके पुढे गेले की मागच्यांना दिसेना, पण त्यांना कुणी सरका म्हटलं नाही.

फोटोग्राफर मागे दाराशीच होता. मित्र सगळ्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत आला.

"फोट्या, जेवलायस का सकाळपासून?"

हे माफ करणं होतं, माफी मागणं होतं की नुसता प्रश्न, ते फोटोग्राफरला नीट उमजेना. त्याने मान हलवली, तीही हो की नाही ते कळू नये अशी.

मित्राने त्याला खांद्याला धरून जिन्याकडे वळवलं.